उभ्या गाडीवर कोणीही येऊन बसतं? आधी हँडल धरा, मग बोला

पानठेल्याजवळ गाडी लावून पाच मिनिटं आत गेलं, की परत येईपर्यंत तिच्यावर कोणीतरी बसलेलं असतं. कधी एसटीची वाट पाहून थकलेले काकाजी, कधी मोबाइलमध्ये मान घालून बसलेली पोट्टी, कधी लेकराला टाकीवर बसवून उभी असलेली बाई. यात दरवेळी वाईट हेतू असतोच असं नाही. गावात बसायला जागा कमी आणि गाडीची सीट मऊ, एवढंच कारण बहुतेकदा असतं.

नुकसान मात्र मालकाचं होतं, आणि त्यातलं बरंच मालकाच्याच क्रमाच्या चुकीनं होतं. भुसभुशीत मातीत साइड स्टँडवर गाडी सोडायची, कोणी बसलेलं दिसलं की लांबूनच ओरडायचं, तो माणूस दचकून उडी मारणार, गाडी आडवी होणार, आणि मग रागाच्या भरात काहीही न तपासता किक मारून निघायचं. हा क्रम उलटा करायचा आहे.

टप्पा १ : घरीच स्टँड तपासा

कोणी बसल्यावर गाडी पडेल की नाही, हे बाजारात नाही, घरच्या अंगणात ठरतं. साइड स्टँड गाडीचं वजन पेलायला बनवलेला असतो, वर बसलेल्या माणसाचं नाही. साधी कम्युटर गाडी सव्वाशे किलोच्या आसपास असते. तिच्यावर सत्तर किलोचा माणूस बसून पाय हलवू लागला, की सगळा ताण स्टँडच्या एका बोल्टवर आणि फ्रेमला वेल्डिंग केलेल्या पट्टीवर येतो.

1. गाडी सिमेंटच्या सपाट जागेवर साइड स्टँडवर लावा. शेजारी त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी लावून दोन्हींचा कल बघा. आपली जास्त डावीकडे झुकत असेल, तर स्टँड किंवा त्याची पट्टी वाकली आहे.
2. एकाला गाडी सरळ धरायला सांगा आणि स्टँडचं खालचं टोक आडवं हलवून बघा. बोटभर लडबड असेल तर बोल्ट किंवा आतली बुश झिजली आहे. नुसता बोल्ट आवळून काही दिवस निघतात, पण बुश गेली असेल तर ती बदलावीच लागते.
3. स्टँड अर्ध्यावर आणून सोडा. स्प्रिंगनं त्याला खटकन एका बाजूला ओढलं पाहिजे. मध्येच रेंगाळला तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा सांध्यात चिखल सुकला आहे. घासून साफ करा, ग्रीस लावा, मग पुन्हा बघा.
4. वेल्डिंगच्या कडेनं गंजाची बारीक रेष दिसते का ते बघा. ती रेष बहुतेकदा तडा असते.
5. मेन स्टँडवर घेऊन दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघा. एक पाय झिजला असेल तर गाडी डुगडुगते, आणि डुगडुगणाऱ्या गाडीवर लेकरं हमखास झोके घेतात.

सावधान : गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे स्टँड जोडायला नेलात, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे विसरलं तर आतलं कंट्रोल युनिट जळू शकतं, आणि स्टँडच्या कामावर त्याचा खर्च बसतो.

सावधान : माती धरू नये म्हणून स्टँडच्या तळव्याला पट्टी वेल्ड करण्याची पद्धत आहे. कल्पना चांगली आहे, पण पट्टी रुंद हवी, जाड नको. जाड पट्टीनं स्टँडची उंची वाढते, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, आणि डावीकडून लागलेल्या थोड्याशा धक्क्यानं उजवीकडे कोसळते. मागचा शॉकअप टाइट केल्यावर किंवा मोठं टायर टाकल्यावर उलटं होतं, गाडी उंच होते आणि डावीकडे जास्त झुकते. त्यामुळे हे बदल केले असतील तर गाडीचा कल पुन्हा बघा.

टप्पा २ : जागा निवडणं

लोक कुठे बसतात ते आधी ओळखा. सावली आहे, बघायला काहीतरी आहे आणि दुसरी बसायची सोय नाही, अशा ठिकाणी उभी गाडी म्हणजे बाकडंच. एसटी थांबा, आटाचक्की, रेशन दुकानाची रांग, जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत ताटकळणारी माणसं, शाळा सुटायची वेळ, ही नेहमीची ठिकाणं. ग्रामपंचायतीचा ओटा किंवा झाडाचा पार जिथे मोकळा आहे, त्याच्या जवळ गाडी लावली तर माणूस आधी ओट्यावर बसतो. ओटा भरलेला असेल तर तिथे लावू नका.

शंकरपट (बैलांची शर्यत), मंडई (दिवाळीनंतरची गावची जत्रा) आणि झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, रात्रीचं नाटक यांचा हिशेब वेगळा. तिथे लोक नुसते बसत नाहीत, गर्दीच्या वरून दिसावं म्हणून सीटवर उभे राहतात. सीटच्या शिवणीवर टाच पडली की ती उसवते, मागचा मडगार्ड वाकतो. अशा ठिकाणी गाडी मैदानाच्या कडेला लावून फायदा नाही. जिथून मैदान दिसतच नाही अशा गल्लीत लावा, नाहीतर पैसे देऊन राखणीच्या जागेत ठेवा.

मातीकडे बघा. विदर्भातली काळी कापसाची माती पावसाळ्यात साइड स्टँड गिळते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेच्या कडेवर स्टँड टेकवला तर ती कड ढासळते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की डांबर इतकं मऊ होतं की दुपारी बारानंतर रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीचा स्टँड त्यात रुततो, मग वर कोणी बसो न बसो.

यावर उपाय फुकटाचा आहे. दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि पाच-सहा मिलिमीटर जाड लोखंडी तुकडा भंगारवाल्याकडून घ्या, कोपऱ्याला भोक पाडून सुतळी बांधा. सुतळीचं दुसरं टोक हँडलला गुंडाळून ठेवलं की तुकडा विसरत नाही आणि निघताना वाकावं लागत नाही. लोखंड नसेल तर चपटी फरशी चालते. वीट नको, दाब आला की फुटते.

भिंतीजवळ लावताना कोणती बाजू भिंतीकडे, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. लेकरांची वर्दळ असेल तर उजवी बाजू भिंतीकडे करा, म्हणजे कोणाची पोटरी भाजणार नाही. मोठ्या माणसांचीच ये-जा असेल तर डावी बाजू भिंतीकडे घ्या. माणूस सवयीनं डावीकडून टांग टाकतो. ती वाट बंद झाली आणि उजवीकडून सीट उंच लागली, की निम्मे लोक नाद सोडतात. दोन्हींमध्ये निवडायची वेळ आली तर सायलेन्सर झाकणं आधी. सीट शिवून मिळते.

टप्पा ३ : गाडी लावण्याचा क्रम

कोणी बसण्याची शक्यता आहे आणि जमीन कडक, सपाट आहे, तर मेन स्टँड. उतार आहे किंवा जमीन ओबडधोबड आहे, तर साइड स्टँड. सगळीकडे साइड स्टँडच लावायची सवय मोडा.

*मेन स्टँडवर लावताना :*

1. गाडीचं तोंड किंचित चढाकडे करा. मेन स्टँडवरून गाडी पुढे ढकलली की उतरते, आणि उताराकडे तोंड असेल तर नुसतं रेलण्यानंही उतरते.
2. स्टँडवर घ्या, पुढच्या चाकापुढे एक गोटा ठेवा.
3. जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद रिंग कापून ठेवलेली असते, ती पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आणि मुठीवर चढवा. ब्रेक दाबलेला राहतो, पुढचं चाक फिरत नाही, आणि कोणी झोके घेतले तरी गाडी स्टँडवरून उतरत नाही. चावी बंद असल्यानं ब्रेक लाइट लागत नाही, म्हणजे बॅटरी उतरायची भीती नाही.
4. गिअर टाका. मेन स्टँडवर मागचं चाक हवेत असतं, म्हणून गिअरचा तसा उपयोग नाही. पण गाडी स्टँडवरून उतरलीच तर ती लगेच घरंगळत नाही.
5. हँडल डावीकडे वळवून लॉक करा, चावी काढा.

*साइड स्टँडवर लावताना :*

1. तोंड चढाकडेच. उताराकडे तोंड केलं तर गाडी पुढे सरकते आणि स्टँड मिटतो.
2. इंजिन बंद करून पहिला गिअर टाका.
3. लोखंडी तुकडा ठेवा, त्यावर स्टँड पूर्ण पुढे काढून टेकवा. अर्धवट काढलेला स्टँड डोळ्याला पूर्ण निघाल्यासारखाच वाटतो, म्हणून पायानं पुढे ढोसून खात्री करा.
4. गाडीचा भार स्टँडवर सोडा आणि गिअर धरेपर्यंत तिला मागे सरकू द्या. न्यूट्रलमध्ये साइड स्टँडवर सोडलेली गाडी म्हणजे पडायला टेकलेली गाडी.
5. हँडल डावीकडे, लॉक, चावी खिशात.

तपासणी : दोन्ही तळहात सीटवर ठेवून अंगाचं निम्मं वजन टाका आणि दहा सेकंद थांबा. स्टँड रुतला किंवा गाडीचा कल बदलला तर जागा बदला. तुमच्या हाताखाली जी गाडी हलते, ती कोणाच्या बुडाखाली पडणारच.

चावीबद्दल एक गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी. बसणाऱ्यांपैकी एखादा पोट्टा अठराच्या आतला असतो, चावी लागलेली दिसली की तो एक फेरी मारून येतो. लायसन नसलेल्याला गाडी चालवू दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० नुसार मालकावर कारवाई होते. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेलं कलम १९९अ लागतं, त्यात पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द अशी तरतूद आहे. आपल्याला माहीत नव्हतं हे मग मालकालाच सिद्ध करत बसावं लागतं. जुन्या गाड्यांच्या लॉकमध्ये तर कपाटाचीही चावी फिरते. तुमची तशी असेल तर लॉकसेट बदला, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

टप्पा ४ : सीट मोकळी ठेवू नका

रिकामी सीट दिसली की माणूस बसतो. तिच्यावर काहीतरी असेल तर त्याला ते आधी उचलावं लागतं, आणि दुसऱ्याची वस्तू उचलायला लोक कचरतात. सगळा उपाय या संकोचावर उभा आहे.

- मागच्या सीटवर प्लास्टिकचं रिकामं कॅरेट ट्यूबच्या रबरानं आवळून बांधा. मागची सीट संपते आणि पुढे बसणाऱ्याची पाठ कॅरेटला टोचते. संत्र्याच्या पट्ट्यात हे कॅरेट घरोघरी असतं.
- खताचं जुनं पोतं सीटवर टाकून दोरीनं आवळा. धुतलेली बाजू खाली, मळकी बाजू वर. बाजाराला धुतलेल्या कपड्यांत आलेला माणूस त्यावर बसत नाही.
- उन्हाळ्यात गोणपाट ओलं करून टाका. लिटरभर पाणी पुरतं, सीट थंड राहते आणि ओल्यावर कोणी बसत नाही. सीट फाटलेली असेल तर हे करू नका, फोम पाणी पितो आणि आठवडाभर वास मारतो.
- पूर्ण कव्हर असेल तर उत्तमच, पण खालची दोरी बांधली नाही तर वाऱ्यानं उडतं आणि गरम सायलेन्सरला चिकटतं. गाडी बंद केल्यावर निदान अर्धा तास कव्हर टाकू नका.

हेल्मेट किंवा पिशवी सीटवर ठेवून जागा अडवू नका. सीट वाचते, हेल्मेट जातं.

धक्का लागला की वाजणारा अलार्म बसवत असाल तर त्याची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा. ती जास्त ठेवली तर ट्रॅक्टर गेला तरी गाडी बोंबलते, दुसऱ्या दिवसापासून कोणी वळून बघत नाही, आणि छोट्या गाडीची बॅटरी दोन-तीन दिवसांत झोपते. वायरिंग कापून बसवलेल्या अलार्ममुळे वॉरंटीचा वाद होतो, म्हणून कपलरनं जोडला जाणाराच घ्या.

हे करू नका : सीटखाली बाभळीचे काटे, खिळे, खाजकुयली, ग्रीस. आणि काही हुशार लोक रानडुकरांसाठी शेताला लावलेली झटका मशीन गाडीला जोडायचा विचार करतात, ते तर अजिबात नको. कोणाला इजा झाली तर तो बिनपरवानगी बसला होता हा बचाव चालत नाही. जाणूनबुजून दुखापत केल्याचा गुन्हा तुमच्यावर येतो. काट्यावर बसणारं पहिलं लेकरू बहुधा शेजाऱ्याचंच असतं, हेही लक्षात ठेवा.

मेळघाटाच्या बाजूला सीट फाडणारा बऱ्याचदा माणूस नसतोच, वानर असतं. त्याच्यासाठी वरचे संकोचाचे उपाय कामाचे नाहीत. तिथे खाण्याची पिशवी गाडीला अडकवू नये, एवढंच.

टप्पा ५ : कोणी बसलेलं दिसलं तर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून क्रम नीट वाचा.

1. ओरडू नका, चालत जवळ जा. गाडीवर बसलेल्या माणसानं बहुतेक वेळा ती स्वतःच्या पायांत सरळ केलेली असते. गाडी सरळ झाली की साइड स्टँडवरचा भार जातो, मग चपलेचा धक्का लागून स्टँड मागे मिटतो आणि बसलेल्याला ते कळतही नाही. तो दचकून उठतो, नेहमीसारखी गाडी डावीकडे टेकवतो, आणि खाली स्टँड नसतो. उभ्या गाड्या पडतात त्यातल्या बऱ्याच अशाच.
2. पोचल्यावर आधी डाव्या हातानं हँडल धरा, उजवा हात मागच्या ग्रिपवर. डावीकडूनच उभे राहा, गाडी पडली तर त्याच बाजूला पडणार असते.
3. स्टँडकडे नजर टाका. मिटलेला असेल तर पायानं बाहेर काढा.
4. आता बोला.
5. तो उतरेपर्यंत हँडल सोडू नका. म्हातारं माणूस असेल तर त्याला खांदा धरायला द्या, टांग काढताना ते हँडलवरच जोर देतात.

बोलताना दोष देऊ नका, कारण द्या. "मले जाचं हाय" याइतकं चालणारं वाक्य दुसरं नाही. त्यात समोरच्याची चूक निघत नाही, त्यामुळे त्याला उत्तर द्यायची गरज पडत नाही, तो उतरतो. "तुह्या बापाची गाडी हाय काय?" म्हटलं की चारचौघांत त्याला मागे हटता येत नाही, आणि पाच मिनिटांचं काम पोलिस पाटलापर्यंत जातं.

वडीलधाऱ्यांना : "काकाजी, हे गाडी हलते. या ओट्यावर बसा, मी हात देतो." जागा दाखवून उठवलं की राग येत नाही.

लेकरू घेतलेल्या बाईला : "बाई, सायलेन्सर गरम हाय, लेकराले चटका बसते." हे नुसतं निमित्त नाही. गाडी बंद केल्यावरही सायलेन्सर बराच वेळ भाजण्याइतका तापलेला असतो.

पोट्ट्यांना : "भाऊ, उतर बरं, मले जाचं हाय." फोटो काढत असतील तर एक फोटो होऊ द्या. हँडल मात्र तुमच्या हातात. टोळक्यात जो सगळ्यांत मोठा दिसतो त्याच्याशीच बोला, बाकीचे त्याच्याकडे बघून उतरतात.

प्यालेल्या माणसाशी वाद नाहीच. ठेलेवाल्याला किंवा त्याच्या ओळखीच्या माणसाला बोलवा. तो गाडीवर झोपला असेल तर एकानं गाडी आणि दोघांनी माणूस, अशी तिघांची विभागणी करा.

बाईच्या स्कुटीवर टोळकं बसलं असेल तर तिनं एकटीनं जाऊन सांगावं असा आग्रह धरू नये. दुकानदाराला सांगून त्याच्याकरवी उठवा. टोळकं हटत नसेल, टोमणे मारत असेल, तर हा गाडीचा विषय राहत नाही, ११२ ला फोन लावा.

टप्पा ६ : उतरल्यावर, किक मारण्याआधी

गाडी पडली नसली तरी ही तपासणी करा. दोन मिनिटं लागतात.

1. ट्यूबची रिंग काढली का? पुढचा ब्रेक दाबलेला राहून गाडी काढायला गेलात तर तुम्हीच पडाल. रिंगेला लाल चिंधी बांधून ठेवा म्हणजे विसर पडत नाही.
2. दोन्ही चाकांतली हवा अंगठ्यानं दाबून बघा. रिकामटेकडी बोटं व्हॉल्व्हपाशी फार जातात.
3. हँडलवरचा लाल स्विच. बसलेल्या लेकरानं तो बंद केलेला असतो, आणि मालक अर्धा तास किका मारून मेकॅनिक बोलावतो.
4. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल कॉक. तो बंद केलेला असेल तर गाडी चालू होते, नळीतलं आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालते आणि भर रस्त्यात बंद पडते. चोक ओढलेला आहे का तेही इथेच बघा.
5. आरसे. बसलेला माणूस केस बघायला आरसा वळवतोच.
6. ॲक्सिलरेटर पिळून सोडा. मूठ आपोआप परत आली पाहिजे.
7. दोन्ही ब्रेक, क्लच, आणि शेवटी साइड स्टँड वर. बऱ्याच बीएस-६ गाड्यांमध्ये स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं. स्टँडचा सेन्सर चिखलानं अडकला असेल तरी तेच होतं, मग तो पुसा.

टप्पा ७ : गाडी पडलीच तर

आधी माणूस. त्याचा पाय गाडीखाली असेल तर ओढू नका, गाडी उचला.

पोटरीला सायलेन्सर लागला असेल तर भाजलेल्या जागेवर साध्या पाण्याची धार वीस मिनिटं सोडा. बोअरवेल, रांजण, जे हाताशी असेल ते स्वच्छ पाणी चालतं. कोलगेट, हळद, शाई, बर्फ यातलं काही नको. फोड फोडू नका, स्वच्छ कापड सैल गुंडाळा. लेकरू असेल, फोड आले असतील किंवा जखम तळहाताएवढी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

मग गाडी. चावी बंद करा, बिडी-सिगारेट लांब ठेवा. टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळत असतं, आणि पानठेल्यापाशी कोणाच्या ना कोणाच्या हातात पेटलेली बिडी असतेच. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर उचललेली गाडी दुसरीकडे आडवी होते. गिअर टाकलेला ठेवा, गुडघे वाकवून पाठ ताठ ठेवून उचला.

उचलल्यावर लगेच किक नको. पाच-दहा मिनिटं स्टँडवर राहू द्या, ऑइल जागेवर बसतं. डावीकडे पडली तर क्लच लिव्हर, गिअरचा पेडल, डावा आरसा आणि इंडिकेटर बघा. उजवीकडे पडली तर पुढच्या ब्रेकचा लिव्हर, मागच्या ब्रेकचा पेडल आणि सायलेन्सर. पुढचं चाक सरळ ठेवून हँडल वाकडं दिसतं का तेही बघा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चालू होत नसेल तर चावी बंद करून परत चालू करा, बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं.

सावधान : ब्रेकचा लिव्हर तडकला असेल आणि वरून ठीक दिसत असेल, तरी त्यावर गाडी चालवू नका. जोरात ब्रेक मारायच्या क्षणीच तो तुटतो.

टप्पा ८ : पैसे, विमा, तक्रार

लिव्हर, आरसा, इंडिकेटर यांचा खर्च साधारण काही शेकड्यांत जातो. तो ज्याच्यामुळे पडली त्याच्याकडून तिथेच, मेकॅनिकसमोर भाव विचारून घ्यावा. आकडा आपल्या तोंडून नाही, मेकॅनिकच्या तोंडून येऊ द्या. पोट्ट्यांकडून नाही, त्यांच्या घरच्यांकडून घ्या, तेही दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी छोट्या रकमेसाठी क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, बघा. पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर तो २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो. आरशासाठी तो घालवणं परवडत नाही.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९८ मध्ये, अधिकार किंवा योग्य कारण नसताना उभ्या वाहनात शिरणं, ते हलवणं किंवा त्याच्या ब्रेकशी, यंत्राशी छेडछाड करणं हाच गुन्हा आहे. त्याचा दंड पूर्वी १०० रुपयांपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीनं तो १,००० रुपये झाला. मुद्दाम नुकसान केलं असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आहे. पण त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ तुम्हालाही बांधतं. सार्वजनिक जागी गाडी सोडताना ती आपोआप सुटणार नाही अशी व्यवस्था करणं तुमची जबाबदारी आहे. न्यूट्रलमध्ये, चावी लावून सोडलेल्या गाडीची तक्रार घेऊन गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच येतो.

थकलेल्या काकाजींवर कलम १९८ कोणी लावू नये, आणि लावायला गेलं तर गावही साथ देणार नाही. ते ठेवायचं त्याच त्या माणसासाठी, जो सांगूनही रोज बसतो, सीट कापतो, हवा सोडतो. त्याचा क्रम असा :

1. पहिल्यांदा तोंडी, साक्षीदारासमोर.
2. दुसऱ्यांदा फोटो. त्यात गाडीचा नंबर, बसलेला माणूस आणि मागचं दुकान एकत्र दिसलं पाहिजे. नुसत्या फाटलेल्या सीटच्या फोटोवरून काही ठरत नाही.
3. मग पोलिस पाटील किंवा तंटामुक्त समिती. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण तिथे त्याच्या घरचे येऊन बसतात.
4. तरी थांबला नाही तर पोलिस ठाण्यात लेखी अर्ज. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, काय नुकसान झालं, मेकॅनिकचं बिल, साक्षीदारांची नावं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. अदखलपात्र नोंद झाली तरी तिचा क्रमांक लिहून घ्या. तोच माणूस पुन्हा सापडला की दुसऱ्या अर्जात तो क्रमांक पहिल्या ओळीत टाका.